प्रतिस्पर्धी खाली जातो तेव्हा

विषय ऐकून काहींनी विचारलं की तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाने फुटबॉलवर काय बोलायचं? मला आज फुटबॉल कसा खेळावा हे सांगायचं नाही, ते मला येतही नाही. मला बोलायचंय ते प्रेक्षकाच्या मनातल्या एका गुंत्याबद्दल. त्या गुंत्याला इतिहास आहे, आणि तो आपल्या फार जवळचा आहे, गोव्याचा आणि पुण्याचा.

आधी नियम समजून घेऊ, कारण इथे सगळेच फुटबॉल बघणारे नसतील. लीग म्हणजे साखळी स्पर्धा. सगळे संघ एकमेकांशी खेळतात, गुण मिळवतात. वर्षाच्या शेवटी जो सर्वांत वर, तो विजेता. पण जगातल्या बहुतेक लीगमध्ये खालच्या टोकालाही एक नियम असतो. तळाचे एक-दोन किंवा तीन संघ पुढच्या वर्षी खालच्या वर्गात जातात, आणि खालच्या वर्गातले अव्वल संघ वर येतात. याला रेलिगेशन म्हणतात. शाळेच्या भाषेत सांगायचं तर नापास झालेल्याला त्याच वर्गात ठेवत नाहीत, चक्क एक इयत्ता खाली बसवतात.

आता गुंता बघा. तुमच्या गावाचा एक संघ आहे. शेजारच्या गावाचा दुसरा. तीस-चाळीस वर्षं तुम्ही एकमेकांना पाण्यात पाहताय. आणि यंदा तो शेजारी तळाला आहे, दोन सामने उरलेत, हरला की गेला खाली. तुम्हाला काय वाटतं? पहिली भावना सरळ आहे. मराठीत तिच्यासाठी एक झकास शब्द आहे: "बरी जिरली!" पण रात्री अंथरुणाला पाठ टेकली की दुसरी भावना हळूच डोकं वर काढते. पुढच्या वर्षी यांच्याशी सामनाच नाही? मग वर्षभर वाट कशाची बघायची? आणि यांच्यावर ही वेळ आली, उद्या आपल्यावर आली तर?

पुष्कळ चाहते या दुसऱ्या भावनेला लाजतात. आपण कच्चे समर्थक आहोत की काय, असं त्यांना वाटतं. माझं म्हणणं असं की ही दुसरी भावना हे ज्ञान आहे. गेल्या पंचवीस वर्षांत आपल्याकडे जे घडलं, त्यातून तिचं खरेपण दिसतं.

गोव्यापासून सुरुवात करू. २०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या साधारण साडेचौदा लाख. आपल्या नगर जिल्ह्याची, म्हणजे आजच्या अहिल्यानगरची, पंचेचाळीस लाखांवर. म्हणजे आपल्या जिल्ह्याच्या जेमतेम एक तृतीयांश माणसं. आणि या एवढ्याशा प्रदेशाने काय केलं? २००४-०५ ते २०१२-१३ अशी नऊ वर्षं घ्या. आधी राष्ट्रीय लीग होती, २००७-०८ पासून तिची आय-लीग झाली. या नऊ वर्षांत आठ वेळा भारताचा विजेता गोव्याचा होता. धेंपो पाच वेळा, चर्चिल ब्रदर्स दोन वेळा, साळगावकर एकदा. मधलं एक वर्ष, २००५-०६, तेवढं मुंबईच्या महिंद्रा युनायटेडने नेलं. कोलकात्यासारखं फुटबॉलवेडं महानगर या काळात लीगच्या बाबतीत रिकाम्या हाताने बसलं होतं.

हे कशामुळे झालं? पैसा होता, उद्योगपती घराणी पाठीशी होती, पोर्तुगीज काळापासून खेळाची मुळं होती, हे सगळं खरं. पण मला एक कारण फार महत्त्वाचं वाटतं. ते म्हणजे शेजार. धेंपो पणजीचा, साळगावकर आणि वास्को हे दोन्ही वास्कोचे, चर्चिल सासष्टीतल्या वार्क्याचा, शिवाय स्पोर्टिंग क्लब द गोवा. तासाभराच्या अंतरात पाच संघ, आणि राष्ट्रीय लीगमधले त्यांचे घरचे सामने बहुतेक मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर. ऑफिसात शेजारच्या टेबलावर बसणारा माणूस दुसऱ्या संघाचा. हरलात की सोमवारी तोंड लपवायला जागा नाही. अशा शेजाऱ्यांत कुणालाच झोपून चालत नाही. एकाने परदेशी खेळाडू आणला की दुसऱ्याला आणावाच लागतो, एकाने नवा प्रशिक्षक नेमला की दुसऱ्याच्या कार्यालयात बैठक बसते. आपल्या गावाकडची भावकी आठवा. बांधावरून भांडण असतं, पण चुलतभावाने विहीर खणली की आपणही खणतो. भावकीने जमिनी पडीक ठेवल्या नाहीत, ही तिची एक बाजू आपण विसरतो.

याच काळात गोव्यात रेलिगेशनही चालू होतं, बरं का. २००७-०८ मध्ये आय-लीगचा पहिला विजेता धेंपो, आणि त्याच वर्षी साळगावकर खाली गेला. पुढच्या वर्षी, २००८-०९ ला, चर्चिल विजेता आणि वास्को खाली. एकाच राज्यात, एकाच हंगामात, एका घरी पेढे आणि दुसऱ्या घरी सुतक. धेंपोच्या समर्थकाला २००८ साली दुहेरी दिवाळी वाटली असेल तर नवल नाही. पण पुढे काय झालं ते बघा. साळगावकर एक हंगाम खाली राहिला, २००९-१० ला परत वर आला, आणि २०१०-११ ला थेट भारताचा विजेता झाला. तीन वर्षांत तळापासून शिखरापर्यंत.

या टप्प्यावर रेलिगेशन म्हणजे काय होतं? शिक्षा होती, पण परतीचं तिकीट हातात देऊन केलेली. म्हणून "बरी जिरली" म्हणण्यात पाप नव्हतं. जिरली, पण जिवंत आहे. परत येईल, तेव्हा बघू.

आता चित्र बदलतं. जानेवारी २०१४ मध्ये कोचीला फेडरेशन कपचा अंतिम सामना झाला, दोन्ही संघ गोव्याचे. चर्चिलने स्पोर्टिंगला ३-१ असं हरवलं. आणि त्याच हंगामाच्या शेवटी हाच चर्चिल आय-लीगमधून खाली गेला. आदल्या वर्षी लीगचा विजेता, या वर्षी कपविजेता, आणि तरी बाहेर. पुढच्या वर्षी, २०१४-१५ ला, त्याहून मोठी घसरण झाली. पाच वेळचा विजेता धेंपो खाली गेला.

इथे तपशील नीट ऐका, कारण माझा मुद्दा त्यात दडलाय. त्या वर्षी आय-लीगमध्ये अकरा संघ होते. धेंपो शेवटून दुसरा होता. अगदी तळाला होता पुण्याचा भारत एफसी. मग खाली भारत एफसी जायला हवा होता ना? नाही. तो नवा संघ, पैसे भरून थेट प्रवेश घेतलेला, त्याला रेलिगेशनपासून संरक्षण होतं. म्हणून त्याच्या वरचा धेंपो खाली गेला. पुढच्या वर्षी, २०१५-१६ ला, पुन्हा तेच. तळाला पुण्याचा डीएसके शिवाजियन्स, त्यालाही तसंच संरक्षण. म्हणून त्याच्या वर असलेल्या मिझोरामच्या ऐझॉल एफसीवर गदा आली.

आता पुण्याचा हिशेब मांडू, कारण पुणे आपल्यापासून सव्वाशे किलोमीटरवर आहे आणि आपली मुलं तिथेच शिकतात. त्या काळात देशाच्या वरच्या स्तरावर पुण्याचे एकूण चार संघ होऊन गेले. पुणे एफसी, भारत एफसी, डीएसके शिवाजियन्स, आणि इंडियन सुपर लीगमधला एफसी पुणे सिटी. यातला एकही संघ कधी रेलिगेट झाला नाही. पुणे एफसी वर टिकूनच होता. भारत एफसी आणि शिवाजियन्सला संरक्षण होतं. सुपर लीगमध्ये खाली जाण्याचा नियमच नव्हता. चारही संघ पडण्याच्या भीतीपासून मोकळे. आणि चौघांचं झालं काय? पुणे एफसी आणि भारत एफसी २०१५ मध्ये बंद झाले. शिवाजियन्स २०१७ नंतर आय-लीगमध्ये नाही. एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये संपला, त्याची जागा हैदराबादच्या संघाला गेली. पुण्याचा संघ कधी खाली गेला नाही, आणि पाच वर्षांत वर एकही उरला नाही.

मित्रहो, म्हणून मी दोन शब्द वेगळे करतो. एक हरणं, दुसरं नसणं. रेलिगेशन हे हरण्याचं सर्वांत कडक रूप आहे, पण ते हरणंच आहे. संघ बंद होणं, जागा विकली जाणं, हे नसणं. चाहत्याच्या मनात रात्री जी दुसरी भावना उठते ना, ती या दोघांतली सीमारेषा ओळखते. शेजारी हरावा असं त्याला वाटतं. शेजारी नसावा असं वाटत नाही. दिवसा आरडाओरड्यात या दोन इच्छा एकसारख्या दिसतात.

गोव्यात ही सीमारेषा २०१६ मध्ये ओलांडली गेली. खाली गेलेल्या धेंपोने एका वर्षात दुसऱ्या वर्गाचं विजेतेपद मिळवलं, वर यायचा हक्क कमावला. इथवर साळगावकरचीच गोष्ट पुन्हा घडत होती. पण भारतीय फुटबॉल महासंघाच्या नव्या आराखड्यात सुपर लीग देशातली पहिली लीग ठरणार आणि आय-लीगला दुय्यम स्थान मिळणार, असं दिसू लागलं. त्याचा निषेध म्हणून साळगावकर, स्पोर्टिंग आणि धेंपो, तिघेही आय-लीगमधून बाहेर पडले. म्हणजे बघा, शेजारी शेजाऱ्याला हरवत होता तोवर गोवा भारताचा राजा होता. आणि जेव्हा शिडीच काढून घेतली जाणार असं वाटलं, तेव्हा मैदानावरचे हाडवैरी एकाच सुरात बोलले.

आपल्याकडे म्हण आहे, म्हातारी मेल्याचं दुःख नाही, पण काळ सोकावतो. वास्को खाली गेला तेव्हा इतरांना फार दुःख झालं नसेल. चर्चिल गेला तेव्हा काहींनी "जिरली" म्हटलं असेल. पण काळ सोकावत होता.

आणि या गोष्टीला एक मजेदार शेपूट आहे. गोव्याचे संघ बाहेर पडले, जागा रिकामी झाली, म्हणून खाली पाठवलेल्या ऐझॉलला महासंघाने परत बोलावलं. आणि २०१६-१७ ला तोच ऐझॉल भारताचा विजेता झाला! ज्याला नापास म्हणून घरी पाठवत होते तो वर्गात पहिला आला. खालच्या माणसासाठी दार किलकिलं ठेवलं तर काय होऊ शकतं, याचा याहून चांगला दाखला मला माहीत नाही.

हे फक्त आपल्याकडचं नाही. अर्जेंटिनात, ब्यूनोस आयर्स शहरात बोका ज्युनियर्स आणि रिव्हर प्लेट हे जगातलं बहुधा सर्वांत तिखट वैर. २६ जून २०११ ला रिव्हर प्लेट आपल्या घरच्या मैदानावर बेल्ग्रानोशी १-१ बरोबरीत अडकला आणि इतिहासात पहिल्यांदा खाली गेला. बोकाच्या लोकांनी अंत्ययात्रेचं सोंग काढलं. पुढे कित्येक वर्षं पांढऱ्या चादरीवर "बी" अक्षर लिहिलेलं भूत, दुसऱ्या वर्गाचं भूत, रिव्हरला चिडवायला मैदानात आणलं. पण २०११-१२ च्या लीगमध्ये त्या दोघांचा सामनाच नव्हता. वर्षाचा तो दिवस कोरा गेला. रिव्हर २०१२ ला परत आला, आणि डिसेंबर २०१८ मध्ये दक्षिण अमेरिकेच्या सर्वांत मोठ्या स्पर्धेच्या अंतिम फेरीत त्याने बोकालाच हरवलं. खाली गेलेल्या शत्रूला हसणं ठीक आहे. त्याला मेलेला समजणं महागात पडतं.

आता फुटबॉल बाजूला ठेवून आपल्या गावाच्या इतिहासाकडे येतो, कारण हाच गुंता इथल्या मातीत चारशे वर्षांपूर्वी होऊन गेलाय. मलिक अंबर, निजामशाहीचा वजीर. जहांगीर बादशहा त्याचा इतका द्वेष करायचा की आपल्या आठवणींत त्याच्या नावाला शिव्या जोडल्याशिवाय राहायचा नाही. अबुल हसन या चित्रकाराचं १६१६ च्या सुमाराचं एक चित्र आहे. त्यात भाल्यावर मलिक अंबरचं मुंडकं आहे आणि जहांगीर त्याला बाण मारतोय. प्रत्यक्षात असं कधी घडलंच नाही, मलिक अंबर त्याच्या हाती लागलाच नाही. ते चित्र म्हणजे जिंकू न शकलेल्या समर्थकाने काढलेली अंत्ययात्रा. पुढे १६२४ मध्ये इथून जवळच भातवडीला मलिक अंबरने मुघल आणि आदिलशाही अशा दोन्ही फौजांना एकत्र हरवलं. १६२६ ला तो वारला. तेव्हा जहांगीरच्याच दरबारातला इतिहासकार मुतमद खान लिहून गेला की युद्धात, नेतृत्वात, निर्णयात आणि कारभारात या माणसाची बरोबरी करणारा कोणी नव्हता. शत्रू गेल्यावर त्याची उंची कबूल करावी लागली, कारण त्याच्याशी झुंजण्यात आपली अर्धी हयात गेली हे त्यांनाही ठाऊक होतं.

याहून बोलका धडा विजापूरच्या आदिलशाहीचा. नगरची निजामशाही ही तिची जुनी शेजारीण आणि जुनी वैरीण. भातवडीला आदिलशाही मुघलांच्या बाजूने उभी राहिली. १६३६ ला निजामशाही संपली, तिचा मुलूख शहाजहान आणि आदिलशहा यांनी वाटून घेतला. विजापूरला वाटलं असेल, शेजारचं भांडण मिटलं, वर मुलूखही मिळाला. पण आता मुघल थेट दाराशी आले. बरोबर पन्नास वर्षांनी, १६८६ मध्ये, विजापूरही गेलं. ज्याच्याशी रोज भांडत होतो तोच आपली उत्तरेची भिंत होता, हे भिंत पडल्यावर कळलं.

आता दोन शब्द माझ्या विषयातले. हेगेल नावाचा जर्मन तत्त्वज्ञ. त्याच्या १८०७ च्या ग्रंथात दोन जिवांच्या झुंजीचं प्रसिद्ध विवेचन आहे. प्रत्येकाला दुसऱ्याकडून मान्यता हवी असते, म्हणून ते जिवावर उदार होऊन लढतात. पण एकाने दुसऱ्याला मारून टाकलं तर? तर जिंकणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही, कारण "तू जिंकलास" असं म्हणणाराच उरला नाही. फुटबॉलच्या चाहत्याला हे वाचायची गरज पडत नाही. शेजारी खाली गेल्यावरच्या पहिल्या हंगामात तो ते अनुभवतो. दुसरा आपला पतंजली. सुखी माणसाबद्दल मैत्री, दुःखीबद्दल करुणा, पुण्यवानाबद्दल आनंद, पाप्याबद्दल उपेक्षा ठेवावी, असं तो सांगतो. चार माणसं, चार भाव. पण प्रतिस्पर्धी कुठे बसतो? तो आज सुखी, उद्या दुःखी, त्याच्या समर्थकांच्या दृष्टीने पुण्यवान आणि आपल्या दृष्टीने पापी. चारही खान्यांत तो एकाच वेळी बसतो. मग त्याच्याबद्दल मन एकरंगी कसं राहील? संमिश्र भावना हे तिथे मनाचं दुबळेपण नाही, वस्तुस्थितीच संमिश्र आहे.

आता दोन आक्षेप, ते प्रामाणिकपणे घेतले पाहिजेत. पहिला: रेलिगेशन इतकं उपकारक असतं तर मुंबई एफसीचं काय? तो २०१६-१७ ला आय-लीगमधून खाली गेला आणि परत उठलाच नाही, संघच बंद झाला. खरं आहे. शिडी असली म्हणून प्रत्येक जण चढतोच असं नाही. चढायला पायांत बळ लागतं, आणि ते वरच्या मालकाच्या खिशात असून भागत नाही, खालच्या वस्तीत असावं लागतं. कोल्हापूर बघा. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, ही नावं तालमींची आहेत. तालमीला गुंतवणूकदार नसतो, तिला पेठ असते. हंगाम वाईट गेला म्हणून पेठ गाशा गुंडाळून हैदराबादला जात नाही.

दुसरा आक्षेप: भांडणापेक्षा एकी बरी नाही का? २०१४ मध्ये एफसी गोवा निघाला तेव्हा धेंपो आणि साळगावकर ही दोन्ही घराणी त्याच्या मालकांत एकत्र होती. कालचे वैरी एका रंगाचा शर्ट घालून एकाच फातोर्ड्यात बसू लागले. हे दृश्य सुंदर आहे, मी नाकारत नाही. पण त्या लीगमधून २०२४-२५ पर्यंत कोणी कधी खाली गेलं नाही. तळाला राहिलात तरी पुढच्या वर्षी खुर्ची शाबूत. आणि सोमवारी शेजारच्या टेबलावर आता आपलाच माणूस बसलेला असतो, त्याला चिडवायचं कशावरून? पाच संघांची मुलं मैदानात उतरत होती, त्या जागी एका संघाची उतरतात, हा हिशेबही विसरू नका.

आपल्या जिल्ह्याला ही गोष्ट परकी वाटू नये. हा साखर कारखान्यांचा जिल्हा आहे, पहिला सहकारी कारखाना प्रवरेकाठी उभा राहिला. शेजारचा कारखाना अडचणीत आला की आपल्या चावडीवर आधी हशा पिकतो. पण तो बंद पडला की ऊस घालायला एकच काटा उरतो, आणि मग भावासाठी भांडायची ताकद कोणाची कमी होते, हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही.

गोव्याची गोष्ट मात्र २०१६ ला संपली नाही. चर्चिलला त्याच वर्षीच्या हंगामात पुन्हा प्रवेश मिळाला. धेंपो आठ वर्षांनी, २०२४ मध्ये, दुसऱ्या वर्गातून रीतसर खेळून आय-लीगमध्ये आला. २०२४-२५ च्या आय-लीगमध्ये धेंपो आणि चर्चिल पुन्हा एकमेकांसमोर उभे राहिले. त्या वर्षी चर्चिलने गुणतालिकेत पहिला क्रमांक घेतला होता, पण वाद लवादात गेला आणि जुलै २०२५ मध्ये विजेतेपद इंटर काशीला मिळालं. धेंपोच्या एखाद्या जुन्या समर्थकाला तो निकाल ऐकून काय वाटलं असेल? मला खात्री आहे, "बरी जिरली" असंच. आणि मला त्यात आनंद आहे. कारण असं म्हणायला समोर कोणीतरी असावं लागतं, आणि मधली काही वर्षं ते नव्हतं.

तेव्हा तुमच्यापैकी जे कुठल्याही संघाचे असतील त्यांना एवढंच सांगतो. शेजारी तळाला गेला तर हसा, मनसोक्त हसा. पण कोणी येऊन म्हणालं की त्यांचं मैदान विकायचं आहे, त्यांची जागा दुसऱ्या शहराला द्यायची आहे, शिडी काढून टाकायची आहे, तर त्यांच्या बाजूने उभे राहा. पुढच्या वर्षी त्यांना हरवायचं आहे ना आपल्याला?

आता प्रश्न असतील तर घेऊ.